इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल: चालती गाडी, उभं इंजिन

प्रश्न थोडक्यात असा आहे. बारा-तेरा वर्षांची, कार्बोरेटरची एक मोटारसायकल, इंजेक्शनवाली एक कार आणि वर्षातले तीन-चार महिने चालून उरलेला काळ कोपऱ्यात उभं राहणारं टू-स्ट्रोक ब्रश कटर, म्हणजे गवत कापायचं यंत्र. तिघांत ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जातं. बाइकचं मायलेज उतरलंय आणि सकाळी ती लवकर सुरू होत नाही, कारमध्ये फारसा फरक जाणवत नाही, ब्रश कटर मात्र यंदा सुरूच होईना. इथेनॉलने नक्की काय बिघडतं, किती बिघडतं आणि बाटलीतलं ॲडिटिव्ह ओतून ते थांबतं का, असं विचारलं आहे.

इथेनॉलचं नुकसान दोन तऱ्हेचं असतं आणि त्या दोन्हींची गल्लत होते म्हणून याबद्दलचे वाद संपत नाहीत. रोज चालणाऱ्या गाडीच्या टाकीत पेट्रोल आठवडाभरही मुक्काम करत नाही. तिथे ते मायलेज खातं, आणि गाडी जुनी असेल तर रबरी भाग खातं. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या इंजिनात तेच पेट्रोल कार्बोरेटरच्या केसाएवढ्या भोकांत बसून राहतं आणि इंजिनच बंद पाडतं. तुमची कार पहिल्या गटातली, ब्रश कटर दुसऱ्या, बाइक दोन्हींच्या मधली.

आधी मायलेज, कारण सगळ्यात जास्त ओरड त्याचीच असते. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, एक लिटर इथेनॉलमधून २१ च्या आसपास. म्हणजे दोन तृतीयांश. ई-२० मध्ये पाचवा हिस्सा इथेनॉल असतं, त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी. ई-१० शी, म्हणजे दहा टक्क्यांच्या मिश्रणाशी, तुलना केली तर तीन-साडेतीन टक्के. गणित एवढंच आहे. भारतात नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातले अंदाजही याच्याशी जुळतात: शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींत ई-२० मुळे सहा ते सात टक्के घट, तशाच दुचाकींत तीन ते चार टक्के, आणि ई-१० साठी बनवून ई-२० ला जुळवलेल्या चारचाकींत एक ते दोन टक्के.

आता हे ५० किलोमीटर देणाऱ्या बाइकला लावून बघा. शुद्ध पेट्रोलवर ५० मिळत असतील तर ई-२० वर ४७ मिळतील. कुणी म्हणालं की ५० ची ४० झाली, तर त्यातला फार तर तिसरा हिस्सा इथेनॉलचा. बाकीचं शोधावं लागतं: चिकटून चालणारा ब्रेक, कमी हवेचं टायर, धुळीने भरलेला एअर फिल्टर, अर्धवट ओढलेला राहणारा चोक, घसरणारी क्लच प्लेट. माझ्याकडे ‘इथेनॉलमुळे मायलेज पडलं’ म्हणून येणाऱ्या बाइकचं मागचं चाक मी आधी मोकळं फिरवून बघतो. पुष्कळदा ते दीड फेऱ्यांत थांबतं. इथेनॉल आल्यापासून मेकॅनिकलाही एक सोयीचं उत्तर मिळालं आहे, हे आमच्याच धंद्याबद्दल सांगतो.

‘पण इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो’ हा मुद्दा मांडला जातो, आणि तो खरा आहे. ऑक्टेन म्हणजे इंधनाची नॉकिंगला, म्हणजे सिलिंडरमध्ये अवेळी पेट घेऊन ठोके देण्याला, विरोध करण्याची ताकद. शुद्ध इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या घरात असतो. बाष्पीभवन होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, त्यामुळे सिलिंडरमध्ये जाणारं मिश्रण थंड राहतं आणि इंजिन नॉकिंग करत नाही. मात्र याचा फायदा घ्यायला कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) वाढवावा लागतो किंवा इग्निशनचं टायमिंग पुढे घ्यावं लागतं. साडेनऊचं कॉम्प्रेशन आणि ठरलेलं टायमिंग असलेल्या जुन्या बाइकला जादा ऑक्टेनचा उपयोग शून्य. ती फक्त कमी झालेली ऊर्जा मोजते. ब्राझीलचं उदाहरण देणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. तिथे इथेनॉलचा कार्यक्रम १९७५ मध्ये सुरू झाला, २०१५ पासून पेट्रोलमध्ये २७ टक्के आणि ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के मिश्रण आहे. पण तिथल्या गाड्या कित्येक दशकं त्याच इंधनासाठी बनत आल्या आहेत. तिथलं इंधन चालतं यावरून इथलं जुनं कार्बोरेटर चालेल असं ठरत नाही.

मायलेजपेक्षा मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो मिश्रणाचा प्रश्न. इथेनॉलच्या वजनात जवळपास ३५ टक्के ऑक्सिजन असतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९ किलो. ई-१० साठी हा आकडा १४.१ च्या आसपास येतो, ई-२० साठी १३.५. कार्बोरेटरला यातलं काही कळत नाही. जेटचं, म्हणजे इंधन सोडणाऱ्या बारीक तोटीचं, भोक जेवढं आहे तेवढंच इंधन तो सोडतो. त्यामुळे शुद्ध पेट्रोलवर ट्युनिंग केलेला कार्बोरेटर ई-२० वर सात-आठ टक्के लीन चालतो, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. ई-१० वर ट्युनिंग केलेला असेल तर चार टक्क्यांच्या आसपास. तुमच्या बाइकची सकाळची तक्रार बहुतेक हीच आहे. गार इंजिनात मिश्रण मुळातच दाट (जास्त इंधनाचं) लागतं, त्यात इथेनॉल लवकर वाफ होत नाही. मग तीनदा किक, चोक काढला की बंद पडणं, थोडं गरम झाल्यावर स्लो स्पीडला हंटिंग (इंजिनाचा वेग आपोआप वरखाली होणं), थ्रॉटल झटक्यात दिला की क्षणभर दम तोडणं आणि सोडला की सायलेन्सरमधून फटफट. प्लग काढून बघा. टोकाचं पोर्सेलिन फिकट बदामी असायला हवं, खडूसारखं पांढरं दिसलं तर मिश्रण लीन आहे.

यावर उपाय अवघड नाही. एअर फिल्टर आणि पायलट जेट (स्लो स्पीडचं इंधन देणारा) साफ असल्याची खात्री करून पायलट स्क्रू पाव-अर्धा फेरा दाट बाजूला आणायचा. तेवढ्याने पिकअप सुधारला नाही तर मेन जेट एक नंबर मोठा. एवढ्यावर बहुतेक जुन्या बाइक सुतासारख्या सरळ चालतात. मायलेज मात्र याने वाढणार नाही, उलट किंचित उतरेल, हे आधीच मान्य करून मग स्क्रूला हात लावावा. पायलट स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की दाट होतं हे कार्बोरेटरनुसार बदलतं: इंजिनाच्या बाजूला असलेला स्क्रू बहुधा इंधनाचा, तो सैल केला की दाट, एअर फिल्टरच्या बाजूचा हवेचा, तो आवळला की दाट. हे न बघता फिरवणारे बरेच आहेत.

छोट्या इंजिनात लीन मिश्रण नुसती कटकट राहत नाही, ते धोक्याचं होतं. ब्रश कटर, चेन सॉ यांत सेंट्रिफ्युगल क्लच असतो. ठरावीक आरपीएमच्या वर इंजिन गेलं की क्लचची शूज बाहेर फेकली जातात आणि पातं फिरू लागतं. मिश्रण लीन झालं की आयडल (थ्रॉटल सोडल्यावरचा इंजिनाचा वेग) वाढतो, आणि हात थ्रॉटलवर नसतानाही पातं हळूहळू फिरत राहतं. यंत्र जमिनीवर ठेवून गवत बाजूला करायला वाकलेल्या माणसाला ते दिसतही नाही. आयडलला पातं फिरत असेल तर यंत्र तसं वापरू नका. आधी आयडल स्क्रू आणि मग ‘एल’ लिहिलेला, कमी वेगाच्या मिश्रणाचा स्क्रू जुळवून घ्या. दुसरं म्हणजे ही इंजिनं हवेने गार होणारी, पूर्ण थ्रॉटलवर सलग चालणारी, आणि त्यांना ऑक्सिजन सेन्सर नसतो. लीन मिश्रणाची वाढलेली उष्णता सरळ पिस्टन आणि एक्झॉस्टवर येते. अमेरिकेत हा विचार नियमातच उतरला आहे. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१० आणि २०११ मध्ये ई-१५ ला परवानगी दिली ती २००१ आणि नंतरच्या मॉडेलच्या मोटारींपुरती. मोटारसायकली, बोटी, गवत कापायची यंत्रं आणि चेन सॉ यांत ते टाकायला मनाई आहे. छोट्या इंजिनांच्या पुस्तिकांतही बहुतेक ठिकाणी दहा टक्क्यांची मर्यादा छापलेली असते. तुमच्या ब्रश कटरची पुस्तिका असेल तर तेवढं पान उघडून बघाच.

कारबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. इंजेक्शनच्या गाडीत एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण लीन झाल्याचं सांगतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. ई-१० वरून ई-२० वर जाताना हे करेक्शन चार-पाच टक्क्यांनी वाढतं. ईसीयूची मुभा त्याच्या कितीतरी पट असते. अडचण येते ती ही मुभा आधीच खर्च झालेली असेल तेव्हा: इंजेक्टर तुंबलेले, पंपाचा दाब उतरलेला, इनटेकला कुठेतरी हवेची गळती. मग चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी-०१७१ हा लीनचा कोड येतो. इथेनॉलने तिथे जुना आजार उघडा पाडलेला असतो. शिवाय रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालत असेल, इंजिन कधी नीट तापतच नसेल, तर न जळलेलं इथेनॉल आणि पाणी इंजिन ऑइलमध्ये उतरतं. अशा वापरात ऑइल किलोमीटरच्या हिशेबाने न बदलता महिन्यांच्या हिशेबाने बदलावं.

आता पाणी. याबद्दल जितकं खरं बोललं जातं तितकंच चुकीचंही.

साध्या पेट्रोलमध्ये पाणी जवळजवळ विरघळत नाही. लिटरमध्ये दोन-चार थेंब, की ते तळाशी बसलं. ई-१० मध्ये १५ अंश तापमानाला अर्धा टक्का पाणी, म्हणजे लिटरमागे पाच मिलीच्या आसपास, विरघळलेलं राहू शकतं. ई-२० मध्ये त्याहून जास्त. त्या मर्यादेपर्यंत इथेनॉल खरं तर उपकारच करतं: टाकीतला ओलावा स्वतःत घेऊन इंजिनातून जाळून बाहेर काढतं. मर्यादा ओलांडली, किंवा मर्यादेच्या जवळ असताना रात्री तापमान घसरलं, की सगळं नासलेल्या दुधासारखं एकदम फुटतं. पाणी एकटं खाली बसत नाही, इथेनॉललाही बरोबर घेऊन जातं. वर इथेनॉल गमावलेलं, कमी ऑक्टेनचं पेट्रोल राहतं. तळाशी इथेनॉल आणि पाण्याचा थर. आणि इंधन ओढायची नळी तळाशीच असते. एकदा असं झालं की टाकी हलवून ते पुन्हा एकजीव होत नाही.

मात्र ‘हवेतला दमटपणा ओढून आठवड्यात पेट्रोलचं पाणी होतं’ हे सांगणं अतिशयोक्तीचं आहे. झाकण नीट लागलेल्या टाकीत हवेतून येणारा ओलावा फार सावकाश शिरतो. फेज (थर) वेगळे झालेल्या ज्या टाक्या उघडल्या जातात त्यांत पाणी बहुधा सरळ शिरलेलं असतं: झाकणाचा रबरी वॉशर चिरलेला, पावसात उघड्यावर उभी गाडी, प्रेशर पंपाने झाकणावर मारलेला फवारा, तुंबलेली ड्रेन नळी. मोटारसायकलच्या टाकीच्या झाकणाभोवतीच्या खाचेत साचणारं पाणी खाली सोडायला एक बारीक छिद्र असतं. ते मातीने बुजलं की पावसाचं पाणी थेट टाकीत उतरतं. मी ते छिद्र तारेने मोकळं करून देतो. फुकटचं काम आहे आणि बाटलीतल्या कुठल्याही औषधापेक्षा उपयोगी आहे.

टू-स्ट्रोकमध्ये या फुटण्याचा परिणाम वेगळाच. वंगणासाठी पेट्रोलमध्येच मिसळलेलं ऑइल पेट्रोलच्या वरच्या थरात राहतं, खालच्या इथेनॉल-पाण्यात ते उतरत नाही. बहुतेक वेळा इंजिन त्यावर सुरूच होत नाही, आणि हेच बरं. ते अडखळत सुरू झालं आणि कुणी जबरदस्तीने थ्रॉटल देत राहिलं, तर सिलिंडरमध्ये वंगणाशिवाय इंधन जातं आणि पिस्टन चिकटतो. म्हणून ठेवणीतल्या कॅनमधलं मिश्रण वापरण्याआधी पारदर्शक बाटलीत थोडं ओतून उजेडात धरा. गढूळ दिसलं किंवा तळाला वेगळी रेघ दिसली, तर ते टाकीत जाता कामा नये.

तुमच्या ब्रश कटरकडे येतो. सहा-आठ महिने पेट्रोलसकट उभ्या राहिलेल्या अशा यंत्राचा कार्बोरेटर उघडला की आत काय दिसतं, ते क्रमाने सांगतो. आधी टाकीतली नळी. मुळात पारदर्शक आणि लवचीक असते. आता पिवळी पडून कडक झालेली, टाकीच्या भिंतीतून जिथे बाहेर येते तिथे चिरलेली. ओढली की टोकाचा वजनी फिल्टर टाकीतच पडतो. इंजिन बंद पडण्याचं कारण कधीकधी एवढंच असतं, नळी चिरेतून पेट्रोलऐवजी हवा ओढते. मग प्रायमर बल्ब: दाबला की आत जातो पण परत फुगत नाही, किंवा चिकट लागतो. कार्बोरेटरची वरची पट्टी काढली की नखाएवढी गोल जाळी दिसते, तिच्यावर बुळबुळीत हिरवट-तपकिरी थर. शेजारी पंपाचा डायफ्राम, म्हणजे पातळ पडदा. त्याला कापलेल्या दोन जिभा व्हॉल्व्हचं काम करतात, त्या सपाट असायला हव्यात, पण टोकं वर वळलेली असतात. खालच्या बाजूचा मोठा डायफ्राम बोटांनी हलवला तर कापडासारखा मऊ लागला पाहिजे. जुना असेल तर कागदासारखा कुरकुरतो. ॲल्युमिनियमच्या अंगावर, विशेषतः कोपऱ्यांत, पांढरी भुकटी. फ्लोटच्या कार्बोरेटरमध्ये (बाइकसारख्या) हीच भुकटी बाऊलच्या, म्हणजे पेट्रोल साठवणाऱ्या वाटीच्या, तळाशी, आणि पितळी जेटच्या भोकात हिरवा मळ. पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्याही खाली असतं, त्यामुळे ते आधी बुजतं. म्हणून अशी गाडी चोकवर चालते आणि चोक काढला की मरते.

हे सगळं एकट्या इथेनॉलचं काम नाही. पेट्रोल नुसतं पडून राहिलं तरी हलके घटक उडून जातात आणि डिंकासारखा थर राहतो. शुद्ध पेट्रोलच्या काळातही कार्बोरेटर तुंबायचेच. इथेनॉल त्यात दोन गोष्टींची भर घालतं. एक, पाणी आणि त्यातले क्षार, आम्ल यांना इंधनात जागा मिळते, त्यातून ॲल्युमिनियम, जस्त, पितळ यांवर गंज चढतो. दुसरी म्हणजे रबर. नैसर्गिक रबर, जुन्या धाटणीचं नायट्राइल, कॉर्कचे गॅस्केट, पॉलियुरेथेन हे इथेनॉलमध्ये फुगतात. आणि खरं नुकसान फुगण्यापेक्षा फुगून पुन्हा वाळण्यात होतं. पेट्रोल उडून गेलं की तेच रबर आक्रसतं, आकार धरून बसतं, चिरतं. रोज ओलं राहणारं ओ-रिंग वर्षानुवर्षं गळत नाही, आणि तेच एकदा कोरडं पडून परत भिजलं की पाझरायला लागतं, याचं कारण हे. फ्लुओरोकार्बन रबर, ज्याला बाजारात व्हिटॉन म्हणतात, ते इथेनॉलला चांगलं टिकतं. नळी, ओ-रिंग, नीडलचं (इंधन रोखणाऱ्या सुईचं) टोक बदलायची वेळ आली की तेच मागा. दिसायला साध्या रबरासारखंच असतं, म्हणून वेष्टनावर वाचून घ्या. फायबरग्लासची टाकी असेल, जशी काही जुन्या बोटींना आणि मोजक्या मोटारसायकलींना असते, तर जास्त जपायला हवं: जुन्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये इथेनॉल मुरतं, टाकी मऊ पडते आणि सुटलेलं रेझिन इनटेक व्हॉल्व्हवर काळ्या चिकट्यासारखं जमतं.

जुन्या लोखंडी टाकीबद्दल एक किरकोळ सूचना. इथेनॉल चांगलं द्रावक आहे, टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेला मळ आणि सैल गंज ते सोडवून आणतं. त्यामुळे पहिल्यांदा जास्त इथेनॉलच्या इंधनावर गेल्यावर फिल्टर एक-दोनदा तुंबतो. फिल्टर बदलायचा, पुढे शांत होतं.

टाकीतल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे हे घरी बघता येतं. मिलीच्या खुणा असलेली, झाकणाची १०० मिलीची उभी काचेची नळी घ्या. १० मिली पाणी आणि वर ९० मिली पेट्रोल ओता, झाकण लावून मिनिटभर हलवा, मधे एकदा झाकण सैल करून वाफ सोडा, आणि दहा मिनिटं उभं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. १० चा १० च राहिला तर इथेनॉल नाही. १९ च्या आसपास गेला तर दहा टक्के, २७-२८ झाला तर वीस टक्के. पाण्यात रंगाचा एक थेंब टाकला तर रेघ स्पष्ट दिसते. हे उघड्यावर, ज्योतीपासून आणि बिडी-सिगारेटपासून लांब करायचं आणि ते पेट्रोल परत टाकीत ओतायचं नाही. काही महाभाग हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरून इथेनॉल ‘धुऊन’ शुद्ध पेट्रोल करायला जातात. तसं करू नका. कंपन्या इथेनॉल मिसळून ऑक्टेन पूर्ण होईल या हिशेबाने मूळ पेट्रोल कमी ऑक्टेनचं ठेवतात. इथेनॉल काढल्यावर जे उरतं त्यावर इंजिन नॉकिंग करू शकतं. वर ते पाण्याने भिजलेलं असतं ते वेगळंच.

आता बाटल्या. ॲडिटिव्ह तीन कामांपैकी काहीतरी करतो असं म्हणतो. पहिलं, पाणी काढणं: यातले बरेच स्वतःच अल्कोहोल असतात. ज्या पेट्रोलमध्ये आधीच लिटरमागे २०० मिली अल्कोहोल आहे, त्यात आणखी दोन चमचे घालून काय साधणार? फेज एकदा वेगळे झाले की कुठलीही बाटली ते जोडत नाही, टाकी रिकामी करणं हाच इलाज. दुसरं, मायलेज वाढवणं: नसलेली ऊर्जा बाटलीतून येत नाही, हे सोडून द्या. तिसरं, पेट्रोल टिकवणं आणि गंज रोखणं: यात तथ्य आहे. चांगला फ्युएल स्टॅबिलायझर पेट्रोलचं ऑक्सिडेशन मंदावतो आणि गंजरोधक धातूवर पातळ आवरण धरतो. अट एकच, तो ताज्या पेट्रोलमध्ये घालायचा आणि नंतर पाच-दहा मिनिटं इंजिन चालवायचं, म्हणजे ते मिश्रण कार्बोरेटरपर्यंत पोचतं. सहा महिन्यांच्या शिळ्या पेट्रोलमध्ये तो ओतणं म्हणजे वरातीमागून घोडं. रोजच्या गाडीला या तिन्हींतलं काहीच लागत नाही.

इंजिन उभं करून ठेवायचं असेल तेव्हाची पद्धत मात्र बारकाईने पाळा, कारण खरा पैसा इथेच वाचतो. दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त उभं राहणार असेल तर छोट्या इंजिनाची टाकी पूर्ण रिकामी करा. मग इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. बंद पडल्यावर चोक लावून पुन्हा ओढा, दोन-चार ठोके देईल, तेही संपू द्या. प्रायमर बल्ब असेल तर तो दाबून नळीतलं उरलंसुरलं परत टाकीत आणून तेही काढा. फ्लोटच्या कार्बोरेटरला एवढं पुरत नाही. इंजिन बंद पडतं तेव्हाही बाऊलच्या तळाशी चमचाभर पेट्रोल उरतं, आणि नेमकं तेच जेटच्या खाली असतं. बाऊलचा ड्रेन स्क्रू सोडून ते काढा. डायफ्राम कोरडा ठेवला तर कडक होतो असं म्हणणारे जुने मेकॅनिक आहेत. शुद्ध पेट्रोलच्या काळात त्यात अर्थ होता. इथेनॉल असताना ओलं ठेवण्यापेक्षा कोरडं ठेवणं बरं, असं माझं मत आहे. डायफ्रामचा किट बदलता येतो, गंजलेलं अंग दुरुस्त होत नाही.

मोटारसायकलच्या लोखंडी टाकीचा हिशेब उलटा. ती रिकामी ठेवली की आतून गंजते. ती ताज्या पेट्रोलने काठोकाठ भरा, स्टॅबिलायझर घाला, कॉक बंद करा आणि फक्त कार्बोरेटरचा बाऊल रिकामा करा. अर्धी टाकी सगळ्यात वाईट, कारण रिकाम्या अर्ध्यात दमट हवा भरते आणि रात्री गार पत्र्यावर दव धरतं. बाइक आठवड्याला एकदा तरी वीस मिनिटं चालत असेल तर यातलं काहीच नको. जागच्या जागी पाच मिनिटं इंजिन सुरू करून बंद करणं मात्र नको. त्याने इंजिन तापत नाही आणि पाणी ऑइलमध्ये साचतं.

टू-स्ट्रोकचं मिश्रण महिनाभरात संपेल एवढंच बनवा, आणि घट्ट झाकणाच्या भरलेल्या कॅनमध्ये ठेवा. काही देशांत छोट्या इंजिनांसाठी इथेनॉलविरहित अल्कायलेट पेट्रोल डब्यात मिळतं. ते वर्षानुवर्षं टिकतं आणि महाग असतं. जिथे मिळतं तिथे सबंध हंगाम त्यावर काढायची गरज नाही. हंगामाच्या शेवटची एक टाकी त्यावर चालवून यंत्र ठेवलं तरी काम होतं.

उरलं तुमचं बंद पडलेलं ब्रश कटर. प्लग काढून दोरी दहा वेळा ओढा. प्लगचं टोक कोरडं असेल तर इंधन पोचत नाही, म्हणजे दोष टाकीची नळी, फिल्टर, जाळी किंवा डायफ्राम यांत आहे, आणि नळीचा तुकडा, नवा फिल्टर आणि डायफ्राम किट एवढ्यात भागतं. प्लग ओला असूनही ठोका मिळत नसेल तर आधी टाकी रिकामी करा, ताजं मिश्रण घाला, दुसरा प्लग लावून बघा. बहुतेक वेळा शिळं किंवा फुटलेलं इंधन असतं. सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टमधून पिस्टनवरही नजर टाका. उभे ओरखडे दिसले तर कार्बोरेटरवर खर्च करण्यात अर्थ नाही, प्रश्न सिलिंडरचा आहे. पिस्टन गुळगुळीत असेल आणि कार्बोरेटरमध्ये फक्त चिकट थर असेल तर साफ करून किट टाका. पण मीटरिंग लिव्हरच्या खालच्या नीडलच्या बैठकीत पांढरे खड्डे पडलेले दिसले, तर ते अंग कितीही साफ केलं तरी पाझरत राहतं आणि आयडल कधी स्थिर लागत नाही. तिथे किटचे पैसे घालवू नका, अख्खा कार्बोरेटर बदला, आणि नवा बसवताना नळीही नवी घाला, नाहीतर जुन्या नळीतून सुटणारे कण पंधरा दिवसांत नवी जाळी भरतील.